बोरसे बाईंचे बोर्ड

बोरसे बाईंनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं ते साड्यांचं जुनं कॅटलॉग.

सुरतेत उधन्याच्या बाजूला आमची मराठी शाळा. तिथे त्या पहिलीला शिकवायच्या आणि मी चौथीला. पाच वर्षं एकाच स्टाफरूममध्ये बसूनसुद्धा आमचं बोलणं हजेरी आणि खिचडीच्या पलीकडे गेलं नव्हतं. माझे मिस्टर कापड बाजारातल्या एका बँकेच्या शाखेत, त्यामुळे आमच्या घरी साड्यांच्या कॅटलॉगचे गठ्ठे येऊन पडायचे. हे त्यांना कुणाकडून तरी कळलं असावं. मला वाटलं, घरात कुणाचं लग्नकार्य असेल. मी म्हटलं, नव्या डिझाइन्सचं आणते, जुनं कशाला?

"साडी नको बघायला, कुलकर्णी बाई. कागद पाहिजे. गुळगुळीत, चकचकीत. मी फाडणार आहे तो."

मी म्हटलं, बरं, नंतर आठवणीनं आणते.

"नंतर म्हणजे कधी?"

हा त्यांचा प्रश्न शाळेत सगळ्यांना माहीत होता. नंतर बघू, पुढच्या आठवड्यात करू असं कुणी म्हटलं, की त्या मान किंचित तिरकी करून विचारायच्या, "नंतर म्हणजे कधी?" हेडमास्तरांनाही विचारायच्या आणि पहिलीतल्या पोरालाही. आम्हाला तो उद्धटपणा वाटायचा. त्यामागे काय आहे हे मला पुढच्या रविवारी कॅटलॉग द्यायला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं.

भेस्तानला एका सोसायटीत त्यांचं दोन खोल्यांचं बैठं घर होतं. पुढच्या खोलीत एक लोखंडी पलंग, उशाशी घशातली लाळ ओढून काढायचं मशीन आणि पलंगावर बाईंचे यजमान. त्यांना सगळे 'मिस्तरी' म्हणायचे. बाईसुद्धा. भेस्तान, सचिन, पार पलसाण्यापर्यंतच्या कारखान्यांतल्या एम्ब्रॉयडरी मशीनची इलेक्ट्रॉनिक कार्डं हा माणूस दुरुस्त करायचा. कार्डाकडे नुसतं बघून कुठला भाग जळालाय ते सांगायचे, असं त्यांचं नाव होतं. मग एके दिवशी त्यांच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडला. वर्षभर मालिश, काढे, मणक्याचे डॉक्टर असं सगळं झालं आणि शेवटी कळलं, की मोटर न्यूरॉनचा आजार आहे. डोकं शाबूत राहणार, डोळे राहणार, कान राहणार. बाकीचं एकेक करून जाणार. त्याला औषध नाही.

मी पाहिलं तेव्हा दोन्ही हात, दोन्ही पाय गेलेले होते. बोलणंही गेलं होतं. उजव्या हाताचं पहिलं बोट तेवढं नीट हलत होतं.

घरात तिसरं माणूस म्हणजे मिस्तरींची आई. बाई शाळेत असताना माय त्यांच्याजवळ असायची. पण मायला ऐकू कमी यायचं आणि स्वयंपाक, धुणंभांडी तिच्याकडेच होती. म्हणून त्या एका बोटाखाली बाईंनी कॉम्प्युटरच्या जुन्या माउसमधलं बटण बांधलं होतं. बोट दाबलं की मोठ्यानं घंटी वाजायची आणि आतल्या खोलीत चुलीच्या वर लाल दिवा लागायचा. तारा पिळून, चिकटपट्ट्या लावून केलेलं काम. ते दोन महिने चाललं.

मग एका दुपारी ते चाललं नाही. बाई शाळेतून दीड वाजता घरी आल्या तर मिस्तरींचे ओठ काळेनिळे पडलेले. लाळ घशात अडकली होती. माय आत कपडे धूत होती. बाईंनी मशीनची नळी घशात घालून लाळ ओढून काढली, श्वास परत आला. मग त्यांनी चादर उचलून पाहिली. बोट बटणावरच होतं. तार सुटली होती.

"ते दाबत होते," त्यांनी मला सांगितलं. "किती वेळ दाबत होते कोण जाणे."

हे सांगताना त्या रडल्या नाहीत. त्यांनी पलंगाखालून एक पुठ्ठ्याचा खोका ओढला आणि त्यातून तांब्याचा पत्रा चिकटवलेली एक हातभर पाटी काढून दाखवली. म्हणाल्या, आता सुटणारी तार ठेवायचीच नाही. सगळा रस्ता तांब्यातच कोरून काढायचा, मशीनच्या कार्डात असतो तसा.

स्टेशनजवळच्या ज्या दुकानातून मिस्तरी सामान घ्यायचे, तिथल्या शेठनं त्यांना समजावलं होतं, "बेन, आ तमारुं काम नथी." नकाशा पाठवला तर असे बोर्ड बाहेरून तयार होऊन येतात, पंधरा दिवसांत घरपोच. बाईंनी त्याला विचारलं, "पंधरा दिवसांनी हेच बोट हलत असेल, असं लिहून देता का?" त्यानं गुपचूप पत्रा, आम्लाची पूड आणि बारीक ड्रिल बांधून दिलं.

विज्ञानाशी बाईंचा संबंध दहावीपर्यंतच. त्यांनी मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघितले, पण त्यांचा खरा मास्तर पलंगावर होता. चौकटीच्या वहीवर त्या सर्किट काढायच्या आणि वही मिस्तरींच्या डोळ्यांसमोर धरायच्या. मग पेन्सिलीचं टोक एकेका रेषेवरून हळूहळू फिरवायच्या. चूक आली की मिस्तरी डोळे मिटायचे. बाई थांबायच्या, खोडायच्या, पुन्हा काढायच्या. एका रेषेसाठी कधी अर्धा तास जायचा. "हात माझे, अक्कल मिस्तरींची," असं त्या म्हणायच्या, आणि ते कौतुकानं नव्हे, काम कसं वाटून घेतलंय ते सांगावं तसं म्हणायच्या.

त्या रविवारी मी सगळं बघितलं. कॅटलॉगचं पान फाडून, वही घेऊन त्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेल्या. असला जाड कागद घातला तर मशीन अडकेल म्हणून तो कुरकुरत होता. त्यांनी त्याच्याकडे मान तिरकी करून पाहिलं आणि त्यानं कागद घातला. साडी नेसून हसत उभ्या असलेल्या बाईच्या अंगभर सर्किटच्या काळ्या रेषा उमटून आल्या. घरी येऊन तो कागद तांब्यावर पालथा घातला आणि वरून कडक इस्त्री दाबली. मग पाण्यात भिजवून अंगठ्यानं कागद चोळून काढला. कागद गेला, काळ्या रेषा तांब्यावर राहिल्या. मग प्लॅस्टिकच्या डब्यात चहाच्या रंगाचं ते आम्ल. बाई ओट्यावर उन्हात बसल्या आणि डबा पाळण्यासारखा हलवत राहिल्या. मांडीवर पहिलीच्या शुद्धलेखनाच्या वह्या. एक हात डब्यावर, एका हातात लाल पेन. रेषांखालचं तांबं तेवढं टिकतं, बाकीचं कडेकडेनं विरघळत जातं. आधी स्टीलच्या ताटलीत करून पाहिलं होतं, तर त्या आम्लानं मायची ताटलीच खाऊन टाकली होती. माय त्याबद्दल अजून रागावलेली होती.

अर्ध्या तासानं बोर्ड धुऊन आत आणला. त्यावरचं काळं पुसलं आणि तांब्याच्या चकचकीत वाटा दिसायला लागल्या. बाईंनी तो मिस्तरींच्या डोळ्यांसमोर धरला. मिस्तरींनी एकदा बघितलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

सगळा बोर्ड उलटा आला होता. आरशात दिसावा तसा. कागद पालथा घातला की चित्र उलटणार, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बाई बोर्डाकडे बघत राहिल्या. आणि मिस्तरींच्या छातीतून एक विचित्र आवाज यायला लागला. मी घाबरून मशीनकडे वळले. बाई म्हणाल्या, "हसताहेत ते." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि छाती हलत होती. मग बाईही हसायला लागल्या. त्या घरात मी ऐकलेलं हसणं तेवढंच.

दुसऱ्या वेळेपासून त्या चित्र वर्गाच्या खिडकीच्या काचेला लावून मागून गिरवून घ्यायच्या. आणि बोर्डाच्या कोपऱ्यात एक अक्षर काढायच्या. अक्षर सरळ आलं तर बोर्ड सरळ. उलटा आलेला पहिला तो क. दुसरा, जो चालला, तो ख. पहिलीच्या बाई, दुसरं काय करणार. त्या बोर्डावरची घंटी पहिल्यांदा वाजली तेव्हा माय आतून धावत आली आणि म्हणाली, "काय व्हयनं वं?" मिस्तरींनी पुन्हा वाजवली. तिला धावत येताना बघायला म्हणून पुन्हा एकदा वाजवली.

शाळेत त्यांच्या बोटांवर पिवळे-तपकिरी डाग दिसायला लागले. मुलांना वाटायचं, बाई रोज मेंदी लावतात. हेडमास्तरांनी एकदा बोलावून विचारलं, हा कसला त्वचेचा रोग तर नाही ना, पालक बोलतात. बाईंनी सांगितलं, नाही, आम्ल आहे. त्यांच्या वर्गातली आणखी एक गोष्ट माझ्या नजरेला आली होती. कुठल्याही मुलानं बोट वर केलं की बाई हातातलं सोडून त्याच्याकडे जायच्या. फळ्यावर अर्धा शब्द लिहिलेला असला तरी खडू खाली ठेवून जायच्या. लघवीला जायचं असो, शेजाऱ्यानं पेन्सिल घेतलेली असो. वर आलेलं बोट त्यांच्याच्यानं क्षणभरही बघवत नसे.

ख नंतर सात आठवड्यांनी ते बोट थांबलं.

मग ग. तो अंगठ्यासाठी. अंगठ्याला बटण दाबण्याइतका जोर नव्हता, म्हणून बोर्डावरच तांब्याच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. अंगठा नुसता टेकला तरी घंटी वाजायची. तो महिनाभर चालला. घ मध्ये त्या पट्ट्या आणखी जवळ आणल्या, कारण अंगठा आता जेमतेम थरथरायचा. घ तयार झाला, भोकं पाडून झाली, भाग जोडून झाले, आणि मंगळवारी सकाळी बाईंनी तो अंगठ्याखाली ठेवला तर अंगठा हललाच नाही. आदल्या संध्याकाळी हलला होता.

त्या दिवशी त्या शाळेत आल्या, पहिला तास घेतला आणि मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "मी एक जागा शोधते, तोवर ती जागा जाते. मी फार हळू आहे, कुलकर्णी बाई." मी म्हटलं, तुम्ही काय कमी करताय? त्यांनी ऐकलं नाही. डब्यातली पोळी त्यांनी तशीच परत झाकली.

मिस्तरींचा उजवा गाल अजून हलायचा. हे शोधून काढलं मायनं. ती रोज त्यांची दाढी करायची, तिच्या हाताला ते कळलं. आता बोर्ड चष्म्याच्या दांडीवर बसवायचा, तिथून गालावर न दिसणारा उजेड टाकायचा, आणि गाल हलला की परत येणारा उजेड बदलतो तेवढ्यावरून घंटी वाजवायची, असं काहीतरी ते होतं. ते कसं करायचं हे मिस्तरींना ठाऊक होतं, पण सांगणार कसं? बाईंनी एका पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहिली. त्या एकेका अक्षरावर बोट ठेवायच्या, हवं ते आलं की मिस्तरी डोळे मिटायचे. एका सुट्ट्या भागाचं नाव कळायला सबंध दुपार गेली. बोर्ड बोटाच्या दोन पेरांएवढा हवा होता. एवढ्या बारीक रेषा इस्त्रीनं पसरायच्या, आम्लात तुटायच्या. चार वेळा फुकट गेला. पाचव्यांदा जमला त्यावर अक्षर होतं च. ङ का नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ङ वरून मी मुलांना कधी शब्द सांगू शकले नाही, इथे कशाला घेऊ.

खिडकीतलं ऊन गालावर पडलं की चष्म्याला चकवा व्हायचा आणि घंटी उगाच वाजायची. म्हणून खिडकीला काळं कापड लागलं. तेव्हापासून ती खोली दिवसभर अंधारी असायची.

तो चष्मा मात्र चांगला चालला. आणि तो चालल्यामुळेच पुढचं झालं.

दिवाळीनंतर मिस्तरींच्या छातीत कफ झाला. आठ दिवस दवाखान्यात राहून ते परत आले, पण श्वास आता वरवरचा होता. डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की आता थोडेच आठवडे आहेत. गळ्याला छेद देऊन कायमचं श्वासाचं मशीन लावलं तर कदाचित वर्ष, दोन वर्षं. ठरवायचं ते लवकर ठरवा, आणि पेशंट पूर्ण शुद्धीत आहे, त्याला विचारा.

बाईंना यात विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं. त्यांनी रजेचा अर्जसुद्धा लिहून ठेवला होता. घरी येऊन त्यांनी मिस्तरींना नुसतं सांगितलं, की असं असं करायचंय. मिस्तरींनी दोनदा डोळे मिटले. त्यांच्यात एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, असं ठरलेलं होतं.

बाई म्हणाल्या, डोळे कोरडे पडलेत. औषधाचे थेंब घातले आणि पुन्हा सांगितलं. तेव्हा मिस्तरींनी गाल हलवला. घंटी दोनदा वाजली.

बाईंनी चष्मा उतरवला, बोर्ड काढला आणि भिंगाखाली धरला. शाळेत येऊन मला म्हणाल्या, च मध्ये दोष आलाय, एकदाच्या जागी दोनदा वाजतोय. त्यांनी छ केला. छ वरही दोनदाच वाजलं. म्हणाल्या, जोडावरचं सोल्डर नीट बसलेलं नाही, थंडीनं तडकलंय. सुरतेला कसली थंडी? त्यांनी ज केला. शाळेतून आल्यावर त्या काळ्या कापडाआड दिवा लावून भिंग घेऊन बसायच्या आणि मिस्तरी पलंगावरून त्यांच्याकडे बघत असायचे. आता वही डोळ्यांसमोर धरून चूक विचारणं बंद झालं होतं. एकट्याच करत होत्या. ज वरही तेच झालं तेव्हा त्यांनी झ केला. तीन आठवडे गेले. डॉक्टरांचा दोनदा फोन येऊन गेला.

मग एका रविवारी सकाळी त्या माझ्या घरी आल्या. आत आल्या नाहीत. दारातच म्हणाल्या, "तुम्ही चला. तुम्ही विचारा. माझ्या हातून चूक होतेय."

मी जायला नको होतं असं मला अजून वाटतं. पण गेले.

मिस्तरींचा चेहरा तोवर फार लहान झाला होता. तोंडावर श्वासाचा मास्क, त्याच्या वर तो चष्मा, चष्म्याच्या दांडीवर बोर्ड. बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. माय पायाशी बसली होती. आधी बोर्ड तपासून घ्या, असं बाईंनी मला सांगितलं. म्हणून मी विचारलं, आज रविवार आहे का? घंटी एकदा वाजली. आपण नाशकात आहोत का? दोनदा. मी पहिलीला शिकवते का? दोनदा. मी आणखी चार-पाच प्रश्न विचारले, कारण मला खरा प्रश्न विचारायचा नव्हता. बोर्ड एकदाही चुकला नाही.

मग मी विचारलं, "मिस्तरी, गळ्याला मशीन लावायचं का?"

दोनदा वाजली. मधे एवढं अंतर ठेवून, की कुणालाही तो एकच लांबलेला आवाज वाटू नये.

बाई पुढे आल्या आणि त्यांनी टेबलावरची सोल्डर करायची कांडी प्लगमध्ये घातली. म्हणाल्या, एक जोड सैल आहे, मला दिसतोय, मी आत्ता करते. चष्म्याला हात लावायला वाकल्या, तेव्हा घंटी वाजायला लागली. थांबेचना. एकदा, दोनदा असं मोजण्यासारखं काही नव्हतं, ती नुसती वाजत राहिली. आतल्या खोलीतला लाल दिवा लागत-विझत होता. मिस्तरींच्या चेहऱ्यावर बाकी काहीच हलत नव्हतं, तो गाल तेवढा. कपाळावर घाम आला. मास्कच्या आत श्वास लागला. बाईंनी कांडी खाली ठेवली. घंटी थांबली.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. माझ्यासमोर त्या त्यांच्याशी नेहमी आमच्यासारखं बोलायच्या. आता त्या आपल्या घरच्या बोलीत बोलल्या.

"तुम्हले जावानं शे का?"

एकदा वाजली.

"मंग मी काय करू?"

याचं उत्तर हो-नाहीत देता येण्यासारखं नव्हतं. मिस्तरी त्यांच्याकडे बघत राहिले. मायला काही ऐकू आलं नव्हतं, ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मग बाईंनीच प्रश्न बदलला, इथेच बसू का एवढंच विचारलं. "मी आठेच बसू?"

एकदा वाजली.

मी निघून आले. सोमवारी बाईंनी डॉक्टरांना नको म्हणून कळवलं आणि लिहून ठेवलेला रजेचा अर्ज तारीख बदलून शाळेत पाठवला.

त्यानंतर नऊ दिवस. त्या दिवसांबद्दल मला मायकडून कळलं. मिस्तरी दिवसातून कितीतरी वेळा घंटी वाजवायचे. काही हवं असायचं असं नाही. एकदा वाजायची, बाई म्हणायच्या, "मी आठेच शे." की ते डोळे मिटायचे. बाई तिथेच जेवल्या, तिथेच बसल्या. नवा बोर्ड त्यांनी केला नाही.

दहाव्या दिवशी सकाळपासून घंटी वाजली नव्हती. डोळेही अर्धवट मिटलेले होते, गुंगीच्या औषधानं ते अलीकडे तसेच असायचे. बाईंना वाटलं, गालही गेला. भुवई अजून हलत असेल, तर चष्म्यावरचा उजेड थोडा वर वळवला की झालं. त्यांनी कांडी तापत ठेवली, चष्मा काढून टेबलावर घेतला आणि भिंगाखाली काम करायला बसल्या. पाठ पलंगाकडे होती. माय मिस्तरींचं तोंड पुसायला म्हणून ओलं फडकं घेऊन आली, तिनं कपाळावर हात ठेवला आणि मग बाईंच्या खांद्याला हात लावला. बाई म्हणाल्या, थांब माय, झालंच. मायनं पुन्हा हात लावला.

मी पोचले तेव्हा माणसं जमलेली होती. कुणीतरी खिडकीवरचं काळं कापड काढून टाकलं होतं. बाई तुळशीजवळ बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "मी पाठ करून बसले होते हो."

रजा संपल्यावर त्या शाळेत आल्या, पण दीड-दोन महिनेच. मग त्यांनी राजीनामा दिला. दोंडाईचाला मिस्तरींचं घर होतं, मायला तिथे जायचं होतं. हेडमास्तरांनी सांगितलं, नंतर जा, वर्ष संपू दे. त्यावर बाईंनी काहीच विचारलं नाही, मान हलवली आणि कागद टेबलावर ठेवून निघाल्या.

उधना स्टेशनवर भुसावळकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीला मी त्यांना सोडायला गेले. दोन पिशव्या, एक पत्र्याची पेटी. मायला खिडकीशी बसवून बाई खाली उतरल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. बोटं स्वच्छ झाली होती. पोचल्यावर फोन करा, असं काहीतरी म्हटलं. त्यांनी ते ऐकलं असं मला वाटत नाही.

"कुलकर्णी बाई," त्या म्हणाल्या, "तुम्हाला बोलवायला मीच आले होते, मला माहीत आहे. पण तुम्ही त्या दिवशी विचारलं नसतं ना, तर मी अजून दोन-तीन बोर्ड केले असते."

आवाजात राग नव्हता. हिशेबात एक चूक राहून गेली, ती दाखवून द्यावी तसं म्हणाल्या.

गाडीनं शिट्टी दिली. त्या चढल्या, मायच्या शेजारी बसल्या, आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगायला लागल्या की आता गाडी निघतेय. माय नुसती मान हलवत होती. गाडी हलली तरी बाई तिला पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या. माझ्याकडे त्यांनी वळून पाहिलं नाही.